ऑर्गनमधली पावलं

शिट्टी घरी आली की आधी जिन्याला कळायचं, मग दाराला आणि सगळ्यात शेवटी नवऱ्याला. ती तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवायची. पाण्यावरून दिवसभर ओरडून तिचा गळा असा तयार झाला होता, की तिने कानात काही सांगितलं तरी शेजारच्यांना ते तोंडपाठ व्हावं. शिट्टी हे नाव तलावावरच्या पोरांनी ठेवलेलं. घरी नवऱ्याने ते उचललं आणि तेच पडलं. तिचं चालणंही त्या नावाला शोभेल असंच होतं. आधी टाच, तीही आपटून, आणि मग उरलेला पाय. खालच्या मजल्यावरचे म्हातारे काका अधूनमधून वर यायचे आणि काकुळतीने म्हणायचे, "पोरी, माझ्या डोक्यावर जरा हळू चाल गं." ती जीभ चावायची, दोन दिवस चवड्यांवर चालायची आणि मग विसरून जायची.

नवरा तिच्या अगदी उलट. तो की-बोर्ड वाजवायचा. स्टुडिओतले लोक त्याला कानसेन म्हणत, कारण गाण्यापेक्षा गाण्याच्या मागे काय वाजतंय तिकडेच त्याचं लक्ष. पंख्याची घरघर कोणत्या सुरात आहे हे तो जेवता जेवता सांगायचा. बोलायचा कमी, पण ऐकायचा मात्र सगळं.

त्या वर्षी एका दिग्दर्शिकेने त्याला चित्रपटाचं काम दिलं. गोष्ट एका बंद पडलेल्या नाचघराची होती आणि तिला त्यात जुन्या विजेच्या ऑर्गनचा आवाज हवा होता. तो ऑर्गन म्हणजे कपाटाएवढं लाकडी धूड. आत लोखंडी चकत्या फिरतात, त्यांतून सूर निघतो, आणि शेजारच्या दुसऱ्या पेटीत स्पीकर गरगरा फिरून तो सूर खोलीभर उधळतो. असा एक ऑर्गन स्टुडिओच्या गोदामात पडून होता, पण त्याच्या चकत्या गंजून बसल्या होत्या.

"तुझ्या टॅबवर होईल का रे?" दिग्दर्शिकेने विचारलं.

"होईल की. हल्ली सगळं ॲपमध्ये मिळतं."

आणि मिळत होतंही. टॅबच्या पडद्यावर ऑर्गनच्या सूर भरायच्या सरकत्या पट्ट्या जशाच्या तशा दिसत, बोटाने खाली ओढल्या की आवाज भरत जाई. फिरत्या स्पीकरचा वेग कमीजास्त करता येई. कानसेन स्वयंपाकघराला लागून असलेल्या लहान खोलीत बसायचा. टॅबला त्याने मोठा स्पीकर जोडला होता. आठवडाभर खपून त्याने आवाज बसवला आणि दिग्दर्शिकेला घरी ऐकायला बोलावलं.

तिने डोळे मिटून सगळं ऐकलं.

"आवाज तोच आहे," ती म्हणाली. "पण कानसेन, तिथे कोणी नाहीये."

"कुठे?"

"ऑर्गनपाशी. कोणी बसलेलंच नाही."

कानसेनला ते लागलं. लागलं, कारण ते खरं होतं. जुन्या यंत्राचा जीव त्याच्या खोडींत असतो. आतली गुणगुण, मोटर सुरू होतानाची कुरकुर, बाकाचं करकरणं, पायाखालच्या पट्ट्यांवर घासणारे बूट. ॲपमध्ये 'जुनेपणा' नावाची एक पट्टी होती खरी, पण ती ओढली की त्याच खोडी त्याच जागी पुन्हा पुन्हा येत. कागदी फुलावर रंगवलेल्या दवासारख्या.

मग त्याने ठरवलं, खोडी आपल्या घरातूनच गोळा करायच्या.

सुरुवात फ्रीजपासून झाली. त्यांचा फ्रीज जुना होता आणि खर्जात गुणगुणायचा. कानसेनने टॅब फ्रीजला टेकवून ती गुणगुण भरून घेतली आणि ऑर्गनच्या सुरांखाली अलगद पसरली. पहिला सूर दाबल्याबरोबर तो स्वतःच खुर्चीत सावरून बसला. टॅबमधलं यंत्र आता तापल्यासारखं वाटत होतं.

"फ्रीज गेला वाटतं," दुसऱ्या दिवशी शिट्टी म्हणाली. "आवाजच नाही."

पण आतलं दूध गार होतं. दुरुस्तीवाला आला, त्याने फ्रीजच्या पाठीवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "चालू आहे हो. थरथर लागतेय हाताला."

"मग आवाज का येत नाही?"

"आवाज येत नाही म्हणून तक्रार करणारे तुम्हीच पहिले," तो म्हणाला आणि पिशवी उचलून गेला.

नंतर न्हाणीघराच्या दाराची बिजागरी. ती उघडताना अशी विव्हळायची की पाहुणे दचकत. कानसेनने तो आवाज घेतला, ताणून लांबवला आणि मोटरच्या सुरुवातीला लावला. संध्याकाळी शिट्टी न्हाणीघरातून बाहेर आली ती खूश होऊन.

"शेवटी तेल घातलंस! किती महिने मागे लागले होते मी."

त्याने तेल घातलं नव्हतं. पण बायको कौतुक करत असताना मधे तोंड घालायला त्याची जीभ रेटली नाही. तो नुसता हसला. मग त्याने आपल्या वेताच्या खुर्चीचं करकरणं घेतलं, आणि नंतर तिच्यावर बसताना त्याला उगीचच आपण हवेत बसल्यासारखं वाटलं. मनात पाल चुकचुकली. पण काम रंगात आलं होतं, आणि काम रंगात आलं की कानसेनला बाकीचं जग दिसत नसे.

राहिले होते पाय. ऑर्गनवाला खर्जाचे सूर पायाने वाजवतो, त्याचे बूट लाकडावर वाजतात.

"मी चालते की," शिट्टी म्हणाली. "घरात चालण्याचं काम माझ्याइतकं चांगलं कोण करणार?"

तिने टाचेचे जुने बूट शोधून पायांत घातले. ती स्वयंपाकघरातून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालली, मधेच गिरकी घेऊन नाचली. कानसेन टॅब हातात धरून वाकून तिच्या मागे मागे फिरत होता. दोघं हसून हसून दमली. "घे, हवी तेवढी घे," ती धापा टाकत म्हणाली.

त्याने ती पावलं एकेक सुटी केली आणि खर्जाच्या सुरांना जोडली. आवाज दिग्दर्शिकेला पाठवला. ऐकून तिने फोन केला.

"आता आहे," ती म्हणाली.

"काय?"

"बसलंय कोणीतरी. अंगावर काटा आला बघ माझ्या."

कानसेनला वाटलं, आपण जिंकलो.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी खालचे काका दारात उभे. हातात काठी, चेहरा ओढलेला.

"पोरगी परगावी गेलीय का रे?"

"नाही हो काका. घरातच आहे."

"आजारी आहे?"

"छे. का?"

काका अवघडले. "वरून काहीच ऐकू येत नाही, म्हणून म्हटलं. इतकी वर्षं कटकट केली मी. आता ते नाही तर झोप लागत नाही."

"काका! आत या ना, बाहेर काय उभे?"

आवाज कानसेनच्या अगदी मानेमागून आला. तो ताडकन वळला. शिट्टी त्याच्या पाठीला लागून उभी होती. ती कधी आली हे त्याला कळलं नव्हतं. पंख्याचा सूर ओळखणाऱ्या माणसाला आपली बायको मागे येऊन उभी राहिलेली कळली नव्हती.

"थांबा, पाणी आणते," म्हणून ती आत गेली. पायात जाड तळाच्या चपला होत्या. नेहमीसारखी टाच आपटत गेली. दोघेही पुरुष तिच्या पायांकडे पाहत राहिले. चपला फरशीवर पडत होत्या, उचलल्या जात होत्या, पडत होत्या. कापसावर पडाव्यात तशा.

काका पाणी न घेताच जिना उतरले. भिंतीला हात लावत, मागे न बघता.

"काय झालं त्यांना?" शिट्टीने विचारलं.

"उडी मार," कानसेन म्हणाला.

"काय?"

"मार ना. जोरात."

ती हसली आणि तिने उडी मारली. मांडणीतले चमचे खणखणले. फरशीची थरथर कानसेनच्या तळपायांना लागली. पण पाय टेकल्याचा आवाज आला नाही. शिट्टीने खाली पाहिलं. पुन्हा उडी मारली. मग चपला भिरकावून, अनवाणी, पुन्हा. चमचे वाजत होते, झाकण्या वाजत होत्या, तेवढी तीच वाजत नव्हती. तिचं हसू हळूहळू आटत गेलं. शेवटी ती भिंतीला टेकली.

"तू माझी पावलं घेतलीस ना त्यात?" ती म्हणाली. "काढ ती. आत्ताच्या आत्ता काढ."

कानसेनने टॅब उघडला. बोट पावलांच्या पट्टीवर नेलं आणि तिथेच थांबवलं. "आधी फ्रीजचं काढून बघू," तो म्हणाला.

त्याने फ्रीजची गुणगुण पुसून टाकली. दोघंही फ्रीजच्या दाराला कान लावून उभी राहिली. गार पत्रा कानाला लागत होता, थरथर गालाला लागत होती. आवाज आला नाही. बराच वेळ उभी राहिली तरी आला नाही. त्याने टॅबमध्ये शोधलं, तिथेही ती गुणगुण आता नव्हती. ती कुठेच नव्हती.

शिट्टीने त्याचा हात धरला.

"नको," ती म्हणाली. "माझ्या पावलांना हात लावू नकोस. असू देत तिथे."

मग त्याला आठवलं, आपण एक प्रत दिग्दर्शिकेला पाठवलीय. त्याने फोन लावला.

"बरं झालं फोन केलास," तीच आधी बोलू लागली. "अरे, तू पाठवलेल्या त्या फाईलमध्ये आता नुसताच ऑर्गन वाजतोय. पावलं नाहीत, बाक करकरत नाही, काही नाही. माणूस उठून गेल्यासारखा. पुन्हा पाठव ना."

कानसेनने फोन ठेवला. म्हणजे जे होतं ते फक्त या टॅबमध्ये होतं. त्याने टॅब हळूच मेजावर ठेवला. जिवंत काहीतरी ठेवावं तसा.

दुसऱ्या दिवशी शिट्टी कामावर गेली. त्याने नको म्हटलं, पण ती ऐकेना. "पाण्यात कुठे पावलं वाजतात?" म्हणाली आणि हसण्याचा प्रयत्न केला. ती जिना उतरत असताना कानसेन कान देऊन उभा होता. खालचं फाटक वाजलं तेव्हाच त्याला ती गेल्याचं समजलं.

टॅब लहान खोलीत चार्जिंगला लावलेला होता. ॲप त्याने स्वतःच्या हाताने बंद केलं होतं.

दुपारी तो स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं. लहान खोलीतल्या स्पीकरमधून मोटर सुरू झाल्याची कुरकुर आली.

त्याने सुरी खाली ठेवली.

कुरकुरीमागून पावलं आली. पण ती त्याने भरून घेतलेली पावलं नव्हती. ही बुटांची नव्हतीच. अनवाणी होती, ओली होती, चपचप वाजणारी. ओल्या फरशीवरून चाललेली. वर उंच छप्पर असावं तशी घुमत होती. आणि चाल तीच. आधी टाच, आपटून.

मग शिट्टी ओरडली.

"पळू नकोस! ए मुली! थांब! अगं थांब!"

कानसेनने भिंत धरली. स्पीकर गप्प झाला. त्याने तिला फोन लावला, ती उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग तो तिथेच स्वयंपाकघराच्या फरशीवर बसला, दाराकडे तोंड करून. ती येताना आपल्याला ऐकू येणार नाही, हे ध्यानात आल्यापासून त्याने दारावरची नजर हलवली नाही.

दार उघडलं. शिट्टी उंबऱ्यात उभी होती. केस ओले, गळ्यातली शिट्टी मुठीत आवळलेली. ती बोलू लागली. तिचे ओठ त्याच्यासमोर हलत होते.

आवाज त्याच्या पाठीमागून, लहान खोलीतून आला.

"एक मुलगी काठाने पळत होती. मी ओरडले. कोणी वळून बघितलंच नाही. ती घसरली, हनुवटी फुटली तिची, केवढं रक्त. मी ओरडले रे. मलाच माझं ऐकू आलं नाही."

ती थांबली. तिची नजर त्याच्या डोक्यावरून लहान खोलीच्या दाराकडे गेली. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. ओठ हलले.

"आत कोण बोलतंय?" लहान खोलीतून विचारलं गेलं.

कानसेन उठून आत धावला. टॅबच्या पडद्यावर उजेड होता. हिरव्या रेघा तिच्या आवाजासरशी वरखाली होत होत्या.

"बंद कर ते! ऐकवत नाही मला! बंद कर, बंद..."

त्याने आवाजाची पट्टी खाली ओढली.

घर शांत झालं. रस्त्यावरच्या गाडीवर पडणारं पाणी ऐकू येऊ लागलं. कुठेतरी एक नळ ठिबकत होता.

तो वळला. शिट्टी दारात आली होती. तिचं तोंड सताड उघडं होतं, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. दोन्ही हातांनी तिने गळा धरला होता. ती किंचाळत होती. जिवाच्या आकांताने किंचाळत होती.

नळ ठिबकत होता.

त्याची बोटं पडद्यावरून घसरत होती. पट्टी हाताला लागेना. लागली, तेव्हा त्याने ती वर सारली, आणि तिची किंचाळी मधूनच, फाडल्यासारखी, खोलीत शिरली.

त्यानंतर दोघं कितीतरी वेळ एकमेकांना धरून बसली. बोलायचीच भीती वाटत होती.

डॉक्टरांकडे जायचं शिट्टीने ठरवलं. काय सांगायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं. टॅब तिने पर्समध्ये घातला, चेन अर्धी उघडी ठेवली. कानसेनने चार्जर खिशात घेतला. दवाखान्यात गर्दी होती, मुलं रडत होती, कोणाचं कोणाकडे लक्ष नव्हतं. डॉक्टर त्यांच्या ओळखीचे, वर्षानुवर्षांचे.

"काय शिट्टीबाई, आज आवाज बसला का?"

तिने तोंडासमोर रुमाल धरला. "हो ना," पर्समधून आवाज आला. "जरा बसलाय."

डॉक्टरांना वेगळं काही वाटलं नसावं. त्यांनी बॅटरीच्या उजेडात घसा पाहिला. घसा चांगला होता. "छाती बघू," म्हणून त्यांनी कानांत नळ्या घातल्या आणि चकती तिच्या छातीवर टेकवली. मग जरा खाली. मग पाठीवर.

"श्वास घ्या. सोडा. परत घ्या."

त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी चकती उलटून पाहिली, बोटाने टिचकी मारली, स्वतःच्या छातीवर लावून पाहिली आणि मान डोलावली. पुन्हा तिच्या छातीवर लावली. या वेळी ते बराच वेळ ऐकत राहिले. काहीच ऐकू येत नसेल तर माणूस असा चेहरा करत नाही. त्यांचे डोळे एका जागी खिळले होते आणि मान किंचित कलली होती, लांबचं काही नीट कळावं म्हणून कलावी तशी.

त्यांनी नळ्या कानांतून काढल्या आणि कानसेनपुढे धरल्या. चकती तशीच तिच्या छातीवर होती.

"तुमचे कान तयार आहेत ना," ते खालच्या आवाजात म्हणाले. "जरा बघा बरं."

कानसेनने नळ्या कानांत घातल्या.

ठोके नव्हते. श्वासही नव्हता. आधी नुसती मोकळी जागा ऐकू आली. मोठी, उंच छताची, रिकामी. त्या जागेच्या दुसऱ्या टोकाला एक मोटर हळूहळू वेग घेत होती. लाकडी बाक कोणाच्या तरी वजनाने करकरला. आणि मग, अगदी कानाशी, एका म्हाताऱ्या पुरुषाने घसा खाकरला.

"काय ऐकू येतंय?" पर्समधून शिट्टीने विचारलं. तिचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर होते. डॉक्टरांचे पर्सवर.

"ठोके," कानसेन म्हणाला. "नीट पडतायत."

आत पहिला सूर लागला होता.